ओट्याखालचा इतिहास

निवृत्त शिक्षकाच्या हाती हातोडी देऊ नये. वर्तमानपत्र द्यावे, नातवंड द्यावे, फारच वळवळ करू लागला तर सोसायटीचे चिटणीसपद द्यावे. पण हातोडी देऊ नये. मी तेहेतीस वर्षे मुंबईतल्या एका शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाचा शिक्षक जन्मभर दुसऱ्यांनी बांधलेल्या आणि तिसऱ्यांनी पाडलेल्या इमारतींबद्दल बोलतो. किल्ला कोणी बांधला, सुरुंग कोणी लावला, तहात किती गेले. स्वतः त्याने भिंतीत खिळासुद्धा ठोकलेला नसतो. त्यामुळे आमचे स्वयंपाकघर नव्याने करायचे असे ठरले तेव्हा "तोडकाम मी स्वतः करणार" ही घोषणा माझ्या तोंडून बाहेर पडली ती साठलेल्या तेहेतीस वर्षांच्या जोरानेच.

"मजुरीचे पैसे वाचतील," मी म्हणालो.

"पंखा पुसताना पातं वाकवलं होतंत," ही म्हणाली.

हा प्रसंग १९९१ सालचा. आमच्या घरात इतिहासाचा खरा अभ्यास कोणाचा आहे, हे यावरून कळावे.

आमचे घर मीरा रोडला, नया नगरात. मुंबईत जागा परवडत नाही आणि विरार फार लांब, अशा मधल्या माणसांसाठी परमेश्वराने आणि बिल्डरांनी मिळून मीरा रोड निर्माण केले. १९८७ साली आम्ही इथे आलो तेव्हा स्टेशनाबाहेर पडल्यावर आधी चिखल लागे, मग खाजण दिसे आणि मग, डोळे बारीक केले तर, आपली इमारत. इथल्या ग्रामपंचायती जाऊन मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली ती १९८५ साली, म्हणजे आमचे शहर आमच्या संसाराहून चार वर्षांनी धाकटे. महानगरपालिका व्हायला २००२ साल उजाडले. वस्ती बहुतेक मुसलमानांची, डोंगरी-मदनपुऱ्याकडून सरकत आलेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर तर जीव मुठीत धरून आलेल्या कुटुंबांनी इथल्या इमारतीच्या इमारती भरल्या. आमच्या मजल्यावर चार दारे आहेत. समोरच्या दारातल्या भाभी श्रीवर्धनच्या, आम्ही चिपळूणकडचे. तांदळाची भाकरी दोन्ही घरांत थापली जाते, आणि ती कोणाची जास्त पातळ याबद्दल दोन्ही घरांत एकमत आहे. भाभींची.

तर एका सोमवारी सकाळी, डोक्याला पंचा गुंडाळून, मी ओट्यासमोर उभा राहिलो. आधी सगळे स्वयंपाकघर रिकामे केले होते. डबे हॉलमध्ये, भांडी पलंगाखाली, मिक्सर टीव्हीच्या डोक्यावर. ओट्यापुढे एक पाट पडलेला असतो, तो उचलून मी माळ्यावर टाकायला निघालो, तर ही म्हणाली, "तो राहू दे." का, हे मी विचारले नाही. हातोडी हातात असलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

पहिला घाव घातला आणि माझ्या लक्षात आले की हे तोडकाम नसून उत्खनन आहे. वरचा थर चकचकीत काळ्या ग्रॅनाईटचा. तो १९९८ सालचा, माझ्याच कारकिर्दीतला. त्याच्याखाली सिमेंट, आणि सिमेंटखाली कडप्पा. मूळ, १९८७ चा, बिल्डरने दिलेला, हळदीचे डाग जसेच्या तसे. १९९८ सालच्या गवंड्याने जुना दगड काढण्याचे कष्ट न घेता त्याच्यावरच नवा बसवला होता. भिंतीचेही तेच. फळांच्या टोपलीचे चित्र असलेल्या टाइली उचकटल्या, तर मागे सहा इंची पांढऱ्या टाइली जागच्या जागी. आमच्याकडे एका राजवटीने दुसरीला हाकललेले नव्हते, नुसते झाकून टाकले होते.

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव नावाचे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी १९६८ पासून पुढे जवळजवळ पंधरा वर्षे तिथली पांढर थराथराने खणली आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. त्यांत काय सापडले? राजवाडा नाही, सोन्याच्या मोहरा नाहीत. सापडल्या त्या चुली, जमिनीत खणलेले लांबट-गोल अग्निखड्डे, धान्य साठवायची पेवे आणि रांजण. महाराष्ट्राचा आद्य इतिहास हा मुख्यतः स्वयंपाकघराचा इतिहास आहे. मी हा धडा वर्षानुवर्षे शिकवला, पण "चूल जमिनीवर होती" हे वाक्य फळ्यावर लिहिताना त्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नाही. चूल जमिनीवरच असायची. माझ्या आईचीही होती. साडेतीन हजार वर्षांत त्या बाबतीत कोणालाही काही सुधारणा सुचली नव्हती.

आमच्या गावच्या घरात आई फणसाच्या पाटावर बसून स्वयंपाक करी. समोर चूल, शेजारी वैल. चुलीवर भात आणि वैलावर आमटी. हाताच्या टप्प्यात फुंकणी, उजवीकडे विळी, डावीकडे पाण्याची कळशी. पाटा-वरवंटा जमिनीवर, जाते जमिनीवर, उखळ तर जमिनीतच. अख्खे स्वयंपाकघर एका बसलेल्या बाईभोवती काढलेले वर्तुळ होते. ते सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. धुराने आईचे डोळे कायम लाल असत आणि आम्हाला वाटे, आई रागावली आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरे असे.

मग मी काकांकडे मुंबईला आलो. नायगावच्या बीडीडी चाळीत. या चाळी १९२० नंतरच्या पाच-सात वर्षांत सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. एकेका चाळीत ऐंशी खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाकघर असे वेगळे नसे. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात स्टो, उरलेल्या जागेत आठ माणसे. चूल जाऊन स्टो आला होता, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या स्वीडनचा शोध आमच्या नायगावात फरफरत होता. पंपाचा प्रायमस स्टो तिथे १८९२ साली निघाला. पण स्टो आला तरी बाई बसलेलीच राहिली. स्टो बुटका, जमिनीवर ठेवायचा, पिन मारायची ती वाकून, आणि रॉकेलचा डबाही शेजारी जमिनीवरच. १९८१ साली लग्न होऊन ही त्या खोलीत आली तेव्हा आईने गावाहून पाठवलेला फणसाचा पाट तिच्याबरोबर आला, आणि ती त्यावर बसून सहा वर्षे स्वयंपाक करीत होती.

ह्या बसण्याचे कौतुक करणारी पुष्कळ माणसे हल्ली भेटतात. बसून स्वयंपाक केल्याने सांधे लवचिक राहतात वगैरे. बहुतेक पुरुष असतात. हिला विचारले तर ती म्हणते, "मीठ हवं, उठा. पाणी हवं, उठा. दार वाजलं, उठा. दिवसाला चाळीस बैठका. लवचिक काय राहतात!"

तिला उभे कोणी केले, हा खरा इतिहासाचा प्रश्न. पुस्तकात याचे उत्तर 'आधुनिकीकरण' असे असते, आणि परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात. मी मात्र, हातात छिन्नी असल्यामुळे, जरा खोलात गेलो. ओटे पूर्वीही होते. बंगल्यांतून होते, फ्लॅटांतून होते. पण चाळीतून उठून आलेल्या साध्या घरातल्या बाईला कायमचे उभे केले ते गॅसच्या सिलिंडरने, अशी माझी खात्री झाली आहे.

बर्मा शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत 'बर्शेन' नावाने स्वयंपाकाचा गॅस विकायला काढला. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि ठिणगीची वाट पाहत बसतो. म्हणून शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, असा नियम. आता सिलिंडरच दोन फुटांहून उंच. त्यावर रेग्युलेटर, रेग्युलेटर फिरवायला हाताची जागा, त्यावर दगडाची जाडी. एवढी बेरीज केली की ओटा अडीच फुटांच्या खाली उतरतच नाही. वर गवंडी आपला हात राखून दोन-तीन इंच जास्त धरतो, कारण सिलिंडर आत गेला नाही तर मालक ओरडतो. बाईचा हात पोचला नाही तर कोणी ओरडत नाही.

शेगडी वर गेली, तिच्यामागून बाकीचेही वर गेले. पाटा-वरवंट्याचे काम मिक्सरने घेतले. 'सुमीत' १९६३ सालचा. देशी प्रेशर कुकर त्याच्या आधी, १९५९ पासून. मोरीत उकिडवे बसून राखेने भांडी घासणे जाऊन सिंक आले. विळी जाऊन सुरी आली, पण ती अर्धीच. नारळ खवायला अजूनही आमच्याकडे खाली बसावे लागते, आणि त्या वेळी बसतो तो मी.

गॅस मिळवणे हा त्या काळी एक पुरुषार्थ होता. नंबर लावायचा आणि विसरून जायचे. नंबर लागला की साखर वाटायची. खासदारांना गॅसच्या जोडण्यांचा कोटा असे, आणि लोकशाहीत खासदाराचा नेमका उपयोग काय, हे त्यामुळे लोकांना नीट समजलेले असे. आमचा नंबर सहा वर्षांनी लागला, नव्या घरात राहायला आलो त्याच वर्षी. त्या दिवशी हिने कडप्प्याच्या ओट्यावर शेगडीला हळदकुंकू लावले, उभी राहून चहा केला, आणि चहा होईपर्यंत एकदाही खाली न बसता तशीच उभी राहिली. "किती बरं वाटतंय हो," ती म्हणाली होती. ते मला अजून आठवते.

कडप्प्यावरून आठवले. मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात पायाखाली शहाबादी आणि हाताखाली कडप्पा, हे जोडपे इतके घट्ट बसले होते की दोन्ही दगड एकाच खाणीतले असावेत असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. ती गावांची नावे आहेत. मुंबईकडून निघालेले आणि मद्रासकडून निघालेले असे दोन रेल्वेमार्ग १८७१ साली रायचूरला एकमेकांना भेटले. शहाबाद त्या भेटीच्या अलीकडे, आपल्या बाजूला. कडप्पा पलीकडे, मद्रासच्या बाजूला. लाईन एकच. त्या लाईनवरून आपल्याकडे मद्रास मेल आली, आणि आपण जिच्यावर चालतो ती फरशी आणि जिच्यावर पोळ्या लाटतो तो दगडही त्याच मुलुखांतले. मेलबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. दगडाबद्दल कोणी लिहीत नाही.

हे विचार चालू असताना माझ्या हातोडीने भिंतीतला पाण्याचा पाईप फोडला.

त्या दिवशीचा पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो. इमारतीची टाकी नुकतीच भरली होती. मुख्य कॉक कुठे आहे हे ज्याला माहीत होते तो वॉचमन नमाजाला गेला होता. आमच्याखाली राहणारे काका वर आले, तेव्हा ते मुळीच रागावले नाहीत, त्यांनी फक्त, "सर, आमच्या किचनमध्येपण काम सुरू केलंत का?" एवढेच विचारले. समोरच्या भाभींनी बादल्या आणि जुन्या चादरी आणल्या. त्यांच्या मुलाने धावत जाऊन कॉक बंद केला. संध्याकाळी हिने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि ती कपड्यांच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी, कुलपात ठेवली. स्वावलंबनाचे पर्व साडेपाच तास टिकले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. पन्नाशीचे, कानामागे पेन्सिल, बोलणे बेताचे. त्यांनी माझे उत्खनन सगळीकडून पाहिले, फुटक्या पाईपवरून प्रेमाने हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या आधी एका दुकानाचा ट्रॉलीवाला येऊन गेला होता. त्याने कॅटलॉग उघडून 'स्टँडर्ड हाइट चौतीस इंच, सर' असे सांगितले होते. कॅटलॉगमधली बाई पावणेसहा फुटांची होती आणि तिच्या ओट्यावर एक लिंबू सोडून काहीही नव्हते. मी चौतीसला होकार दिला होता. स्टँडर्ड या शब्दापुढे शिक्षक नेहमी नमतो.

मिस्त्रींनी टेप काढला आणि विचारले, "सर, इस किचन में खाना कौन बनाता है?"

"दोघं," मी घाईने म्हणालो.

हिने माझ्याकडे पाहिले.

"ही," मी म्हणालो.

"भाभीजी, जरा इधर खडे रहिये. कोहनी मोडिये."

ही भिंतीशी उभी राहिली. कोपरात हात मोडला. मिस्त्रींनी कोपराच्या खाली चार-पाच बोटे अंतर सोडून भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली आणि टेप लावला. साडेएकतीस. जुन्या ओट्याची खूण शेजारच्या भिंतीवर होतीच. सिमेंटची काळपट पट्टी, साडेचौतीसावर. मूळचे तेहेतीस, आणि वर १९९८ सालचे माझे दीड इंच. दोन रेघांमध्ये तीन इंचांचे अंतर होते.

मिस्त्रींनी खाली पाहिले. पाट तिथेच पडला होता. त्यांनी वाकून त्यालाही टेप लावला. अडीच इंच.

"मतलब आधा इंच एडी उठा के," ते म्हणाले आणि रेघ गडद करू लागले.

मी त्या पाटाकडे पाहत राहिलो. तो तिथे इतकी वर्षे आहे हे मला माहीत होते. फरशी ओली असते म्हणून, किंवा थंडीत पाय गार पडतात म्हणून ठेवला असेल, अशी माझी समजूत होती. समजूत कसली, मी तेवढाही विचार केलेला नव्हता. आईचा बसायचा पाट. त्यावर ही छत्तीस पोळ्यांची कणीक मळताना, मुलांचे डबे भरताना, गणपतीत पाच शेर तांदळाचे मोदक करताना उभी होती, आणि वर उरलेला अर्धा इंच चवड्यांवर.

"कधीपासून?" मी विचारले.

"ग्रॅनाईट बसवलात ना, त्या गणपतीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलावून हात लावून बघायला लावत होतात."

ते खरे होते. मी लावत होतो. इनामगावच्या चुलीचा काळ मी कधीही झोपेतून उठवले तरी सांगेन. माझ्या घरातल्या पाटाचा काळ ठरवायला मिस्त्रींचा टेप लागला.

त्या रात्री मला झोप आली नाही. हातोडी कुलपात होती, म्हणून कपाटातली पुस्तके काढून बसलो. ओट्याची उंची हा विषय जगात कोणाला तरी सुचला असेल की नाही? सुचला होता. कामाचे टेबल बाईच्या उंचीप्रमाणे असावे, हे अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लिहून ठेवले होते. तरी त्याच अमेरिकेत पुढे सरसकट छत्तीस इंच हे प्रमाण ठरले. तिथेही शेवटी जिंकला तो कारखानदारच. फ्रेडरिकबाईंचे लिखाण वाचून तिकडे युरोपात मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईने १९२६ साली फ्रँकफर्ट शहराच्या नव्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. आजचे ट्रॉलीवाले ज्याला 'मॉड्यूलर' म्हणतात, त्या घराण्याची ही मूळ आजी. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यासाठी तिने आगगाडीच्या डब्यातले स्वयंपाकघर पाहिले, बाईची पावले मोजली, माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत असे कळल्यावर कपाटांना निळा रंग दिला. आकार १.९ मीटर बाय ३.४. मी हिशेब केला. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा पाचसहा चौरस फूट जास्त. म्हणजे नया नगरच्या बिल्डरने जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या स्वयंपाकघराच्या आकाराला जवळजवळ हात घातला होता, आणि ते त्याला ठाऊकही नव्हते.

या बाईंनी पुढे हिटलरच्या विरोधात काम केल्याबद्दल चार वर्षे तुरुंगात काढली आणि नंतर एकशेदोन वर्षांचे वय गाठून त्या २००० साली वारल्या. म्हातारपणी त्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकली. ते स्वयंपाकघर आखले तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. हे वाचून मला फार धीर आला. आणि मग दिसले की त्या स्वयंपाकघरात, खिडकीसमोरच्या टेबलापाशी, त्यांनी एक फिरते स्टूल ठेवले होते. बसून काम करण्यासाठी. आपण जे साडेतीन हजार वर्षे करीत होतो आणि सिलिंडर आल्यावर एका पिढीत विसरलो, ते स्वयंपाक न येणाऱ्या बाईला तिकडे सुचले होते.

सकाळी मी हिला विचारले. चाळीस वर्षांच्या संसारात ओट्याबद्दल मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. "तुला कसा हवाय ओटा?"

तिला वेळ लागला नाही. उत्तर बहुधा १९९८ पासून तयार होते. "गॅसपाशी उभं राहीन. पण भाजी निवडायला, कणीक मळायला, लाटायला बसायला मिळालं तर बरं. गुडघे आता ऐकत नाहीत. ओट्याच्या खाली पाय घालून बसता येईल एवढी मोकळी जागा ठेवा. कपाट नको."

"जागा कुठे आहे?"

"सिलिंडरची," ती म्हणाली.

गेल्याच वर्षी आमच्या इमारतीत पाईपचा गॅस आला. भिंतीतून एक पिवळी नळी येते, मीटर फिरतो, बिल येते. पाईपचा गॅस मुंबईला नवा नाही. दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसने इथले रस्ते १८६५ सालीच उजळले होते. आमच्या ओट्यापर्यंत पोचायला त्याला दीडशे वर्षांच्या वर लागली एवढेच. सिलिंडर परत गेला होता आणि त्याची बोळकांडी रिकामी होती. ज्याच्या उंचीने सगळे ठरवले त्याची जागा हिने मागून घेतली. ट्रॉलीवाल्याला मी फोन करून हे सांगितले तेव्हा तो कळवळला. "सर, तिथे बॉटल-पुलआउट बसतो! वेस्ट होईल." मी म्हणालो, "तिथे माझी बायको बसणार आहे." त्याने फोन ठेवला.

काम अठरा दिवस चालले. जुना कडप्पा मिस्त्रींनी अखंड उचलला, उलटा केला, घासला. खालची बाजू नव्यासारखी निघाली, तीच वर घेतली. ग्रॅनाईट डेब्रिजच्या गोणीत गेला. मी मधूनमधून सिमेंट कालवायला पुढे होत असे, आणि दर वेळी "सर, आप बैठिये" असे ऐकून परत येत असे. ते दिवस नेमके रमझानचे. पहाटे चार वाजता समोरच्या घरात भांडी वाजत, आणि संध्याकाळी आमचा स्टो बाल्कनीत पेटायच्या आतच भाभींच्या घरून झाकलेले ताट येई. खजूर, भजी, फळे, आणि खाली पानात गुंडाळलेल्या चार तांदळाच्या भाकऱ्या. अठरा दिवसांतले पंधरा. ताट रिकामे कसे परत द्यायचे म्हणून हिने बाल्कनीत, वातीच्या स्टोपुढे खाली बसून, शेवटच्या आठवड्यात खांडवी केली. उठताना मला हात द्यावा लागला.

ईद झाल्यावर तिसऱ्या दिवशी नव्या ओट्यावर दूध उतू घातले. साडेएकतीस इंच. मिस्त्रींना पेढे दिले. भाभी आल्या, दगडावरून हात फिरवला, मग स्वतः ओट्यापाशी उभ्या राहून हळूच कोपरात हात मोडून पाहिला. आणि घरी जाताना मिस्त्रींचा नंबर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहासाठी आत गेलो. ही सिलिंडरच्या जागेत पाय घालून, नव्या स्टुलावर बसून मेथी निवडत होती. चेहरा समाधानाचा. खाली पाहिले तर पाट परत आला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून पाटावर ठेवले होते.

स्टूल मी एकटा जाऊन आणले होते. स्टँडर्ड हाइटचे.